बडोदं : दोन दिवस, दोघी आणि पाच हजार

शुक्रवार, रात्र

ताईंनी म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाईंनी सगळी नोकरी बँक ऑफ बडोदामध्ये केली. पार्ला, मालाड, दहिसर अशा शाखा बदलत राहिल्या, कारकुनाच्या अधिकारी झाल्या, निवृत्तही झाल्या. ज्या गावाच्या नावाचा शिक्का जन्मभर कागदावर उमटवला, त्या गावात मात्र त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. डिसेंबरात हा विषय निघाला आणि मी म्हटलं, "ताई, शनिवार-रविवारचं काम आहे. रात्रीची गाडी पकडायची, रात्रीच्या गाडीने परत."

"चालेल. पण दोघींत पाच हजार," ताई म्हणाल्या. "गाडी, खोली, खाणं, तिकिटं सगळं धरून. आणि घरच्यांसाठी फरसाण आणशील तेही त्यातच, आधीच सांगते."

बँकेतल्या माणसाशी बजेटवर वाद घालू नये. मी स्लीपरची तिकिटं काढली. दोघींची जाऊन-येऊन अकराशेच्या आसपास झाली. दादरहून सुटणारी एकतानगर एक्स्प्रेस आम्हाला सोयीची, कारण ती बडोद्याला अगदी आडवेळी नाही, उजाडता उजाडता पोचवते. बोरिवलीहून चढणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. ही गाडी दादरहून शुक्रवारी निघाली तरी बोरिवलीला येईपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. त्यामुळे तिकिटावर शनिवारची तारीख लागते. फलाटावर आमच्या शेजारी एक कुटुंब याच मुद्द्यावरून आपसात भांडत होतं.

शनिवार

जानेवारीचा पहिला पंधरवडा होता आणि बडोदा स्टेशनावर चांगलीच थंडी. सयाजीगंजचा रस्ता स्टेशनातून बाहेर पडल्यावर लगेच सुरू होतो. स्वस्त लॉज शोधायला दुसरीकडे कुठे जायची गरज नाही. आम्ही फोनवरून आधी काही ठरवलं नव्हतं. दारावर 'चोवीस तास चेक-आऊट'ची पाटी असलेलं लॉज तेवढं हवं होतं. अशा लॉजमध्ये सकाळी सातला खोली घेतली की दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत ती आपली. दुपारी बाराच्या हिशेबाचं हॉटेल घेतलं असतं तर पहाटे पोचल्याचा दंड म्हणून आणखी अर्ध्या दिवसाचं भाडं गेलं असतं. नऊशे रुपयांत साधी खोली मिळाली. गरम पाणी बादलीने, पण वेळेवर. काउंटरवरच्या माणसाने दोघींची आधार कार्डं पाहिली, वहीत नावं लिहिली आणि चावी दिली. दहा मिनिटांत काम झालं.

नाश्त्याला सेव-उसळ. आपल्या मिसळीची ही बहीण म्हणावी तर चेहरा जुळतो, स्वभाव नाही. मटकीच्या जागी पांढरा वाटाणा, वर बारीक शेव, हिरव्या लसणाची आणि कांद्याच्या पातीची पखरण, बरोबर पाव. लाल तरी वेगळ्या भांड्यातून येते आणि आपणच किती घ्यायची ते आपण ठरवायचं. महाकाली या दुकानाचं नाव सगळेच सांगतात, आम्हीही तिथेच खाल्ली. ताईंनी दुसऱ्यांदा तरी मागितली, तेव्हा वाढणाऱ्या मुलाने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे एकदा बघून घेतलं.

मग लक्ष्मीविलास राजवाडा. खर्चाचा सगळ्यात मोठा घाव इथेच बसला. दोघींच्या तिकिटांना लॉजच्या भाड्याच्या निम्म्याहून जास्त पैसे गेले आणि ताईंची छोटी डायरी पर्समधून बाहेर आली. "बघू तर खरं, महाराज काय देतात त्या बदल्यात," असं म्हणून त्या आत शिरल्या.

राजवाडा १८९० साली पुरा झाला. मूळ आराखडा मेजर चार्ल्स मँटचा, पण तो १८८१मध्येच वारला आणि रॉबर्ट चिझमने काम पूर्ण केलं. बाहेरून बघताना राजस्थानी झरोके, मशिदीचे घुमट आणि युरोपी मनोरा एकाच अंगावर घातलेले दिसतात. मला ही असली सरमिसळ फारशी आवडत नाही, पण इथे ती शोभते हे कबूल करायला हवं, कदाचित समोरच्या प्रचंड हिरवळीमुळे. 'बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट' हे वाक्य आत शिरल्यापासून तिघा-चौघांच्या तोंडून ऐकलं. मोजायला कुणी गेलं होतं का, कोण जाणे. दरबार हॉलमध्ये मात्र बोलणं आपोआप थांबतं. खाली व्हेनिसच्या पद्धतीची मोझेइक फरशी, कडेला बेल्जियमच्या रंगीत काचांच्या खिडक्या, आणि सकाळच्या उन्हात त्या काचांचे निळे-तांबडे डाग फरशीवर पडलेले. आत फोटो काढू देत नाहीत. मला ते बरंच वाटलं, लोक निदान बघत तरी होते.

त्याच आवारातल्या फत्तेसिंग संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. महाराज सयाजीराव गायकवाडांनी त्याच्याकडून दरबारासाठी चौदा पौराणिक चित्रं करवून घेतली होती. राजघराण्यातल्या स्त्रीपुरुषांची व्यक्तिचित्रंही त्याने काढली. छापील कॅलेंडरांवर आपण या बायका इतक्या वेळा पाहिलेल्या असतात, की मूळ चित्रासमोर उभं राहताना 'पाहिलंय' असंच वाटायला लागतं. पण छापात साडीची जर कशी दिसते आणि तैलरंगात कशी, हे इथे कळतं. पदराच्या काठावर नाक टेकेल इतक्या जवळ गेलं की जर कुठेच नसते. पिवळ्या, तपकिरी आणि पांढऱ्या रंगाचे छोटे ठिपके असतात फक्त. चार पावलं मागे सरलं की काठ पुन्हा लखलखतो. ताई तीन वेळा पुढे-मागे झाल्या. तिथल्या रखवालदाराला असे प्रकार सवयीचे असावेत, तो नुसता हसला.

बाहेर पडल्यावर ताईंनी निकाल दिला, "पैसे वसूल. पण यापुढे फुकटात काय आहे ते दाखव."

आणि खरी गंमत अशी, की यापुढे बडोद्यात जवळजवळ सगळं फुकटच होतं. राजाने स्वतःसाठी बांधलेल्या एका वास्तूला तिकीट आहे. लोकांसाठी बांधलेल्या बाग, वाचनालय, बाजार यांत आजही हात हलवत शिरता येतं. कमी पैशांत शहर बघायचं असेल तर कधीकाळी तिथे शहाणा राज्यकर्ता होऊन गेलेला असावा, एवढंच म्हणेन.

दुपारी दांडिया बाजार. इथल्या कॅनरा कॉफी हाउसमध्ये 'पूना मिसळ' मिळते. गुजरातेतल्या मराठी वस्तीत, कानडी नावाच्या दुकानात, पुण्याची मिसळ. सकाळी सेव-उसळ आणि दुपारी मिसळ हा आहार कुठल्याही डॉक्टरला दाखवू नये. मिसळ पुण्यापेक्षा सौम्य होती. कॉफी उत्तम.

दांडिया बाजार आणि रावपुऱ्यात कान उघडे ठेवले तर मराठी ऐकू येतं. ते आपल्यासारखं नाही. वाक्याची चाल गुजराती होते, शेवट थोडा लांबतो. पाट्यांवर आडनावं दिसतात ती ओळखीची. २०१८चं साहित्य संमेलन इथे भरलं तेव्हा आमच्याकडे काहीजणांनी 'गुजरातेत कशाला?' म्हणून नाकं मुरडली होती. त्यांनी एकदा या गल्ल्यांतून चालून यावं.

त्यातल्याच एका गल्लीत तांबेकर वाडा आहे. विठ्ठल खंडेराव तांबेकर ऊर्फ भाऊ तांबेकर हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा लाकडी चौमजली वाडा. आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. बाहेरून काहीच कळत नाही, दोनदा आम्ही दारावरून पुढे गेलो. शेवटी ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या आजोबांना विचारलं, तर मराठीतच म्हणाले, "हाच की. वर जा, पण सावकाश, जिना उभा आहे."

जिना खरंच उभा. पण वरच्या खोलीत भिंतीचा वीतभरही कोपरा मोकळा सोडलेला नाही. कृष्णलीला, महाभारत, मराठ्यांची आणि इंग्रजांची लढाई, मधूनच झग्यातल्या युरोपी मडमा. मला आवडला तो लढाईचा भाग. इंग्रज शिपायांची रांग पट्टीने आखल्यासारखी, प्रत्येकाचं तोंड एकाच बाजूला, गणवेशाच्या बटणांसकट. मराठ्यांकडे मात्र प्रत्येक घोडा वेगळा आणि प्रत्येक पगडी वेगळी. चित्रकाराने मुद्दाम केलं असेल की त्याला दिसलंच तसं असेल, यावर आम्ही खाली येईपर्यंत बोलत होतो. तिकीट कुणी मागितलं नाही. आमच्याशिवाय वर कोणीही नव्हतं. रविवर्म्यासमोर रांग आणि इथे शुकशुकाट, हे मला पटलं नाही.

श्रीअरविंद इथे १८९३ ते १९०६ नोकरीला होते. त्यांचा बंगलाही दांडिया बाजारातच आहे, आत शांत ध्यानाची जागा. पायांना विश्रांती हवी होती, तिथे बसलो. पुढे विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याने त्यांना ध्यानाला बसवलं तेही बडोद्यातच. ताईंना बसल्या बसल्या झोप लागली. ध्यानच होतं ते, असं त्यांचं म्हणणं आहे.

चार वाजता मध्यवर्ती ग्रंथालय. सयाजीराव अमेरिकेला गेले, तिथली वाचनालयं पाहून भारावले आणि विल्यम बॉर्डन नावाच्या तिथल्याच ग्रंथपालाला १९१० साली घेऊन आले. खेडोपाडी पेट्यांतून फिरणारी पुस्तकं ही त्याच व्यवस्थेतली. ग्रंथालयाच्या इमारतीत पुस्तकांचे मजले लोखंडी सांगाड्यावर उभे आहेत आणि मजल्यांच्या फरश्या जाड काचेच्या. वरच्या मजल्यावरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपावा म्हणून. उजेडासाठी जमीनच पारदर्शक करून टाकली! मोठ्या टेबलांवर स्पर्धा परीक्षेची मुलं पुस्तकांत डोकं खुपसून बसली होती. एकाच्या वहीशेजारी पेरूची फोड आणि मिठाची पुडी.

मांडवी तिथून पायी. जुन्या शहराच्या मधोमध चौफेर कमानींचा हा चौक, चारी दिशांना चार दरवाज्यांकडे रस्ते जातात. बँक ऑफ बडोदाची सुरुवात १९०८मध्ये याच भागात झाली. ताईंना बँकेच्या जुन्या इमारतीसमोर फोटो हवा होता. मी फोटो काढत असताना आतून बाहेर येणारा एक मुलगा, गळ्यात ओळखपत्र, शनिवारी उशिरापर्यंत थांबलेला, ताईंना म्हणाला, "आंटी, बँक बंद हो गयी." ताईंनी त्याला आपला एम्प्लॉयी नंबर सांगितला. पाठ होता. तो मुलगा चक्क वाकून नमस्कार करून गेला.

संध्याकाळी गेंडी दरवाज्याच्या रस्त्याला लागलो आणि अडकलो, कारण उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, आठवड्यावर आला होता. रस्त्याच्या कडेने बांबूच्या खांबांच्या जोड्या रोवलेल्या, त्यांच्यामध्ये पांढरा दोरा येरझारा घालून ताणलेला. एकजण हातात गुलाबी लगद्याचा गोळा घेऊन त्या दोऱ्यावरून चालत जातो, टोकाला पोचला की वळतो, पुन्हा चालतो. बोटांना चिंध्यांच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, कारण त्या लगद्यात काचेची पूड. दोरा वाळला की मोठ्या चाकावरून फिरकीवर चढवतात. गिऱ्हाईक फिरकी घेण्याआधी दोऱ्यावर नख ओढून बघतं आणि मान हलवतं किंवा नाही. आमच्यासमोर एका सात-आठ वर्षांच्या पोराने नापसंतीची मान हलवली आणि दुकानदाराने एक शब्द न बोलता त्याला दुसरी फिरकी दिली. पक्ष्यांच्या पंखांचा आणि दुचाकीवाल्यांच्या गळ्यांचा विचार मनात आला, आलाच पाहिजे. तरी पाय तिथून निघत नव्हते.

न्यायमंदिर आणि सूरसागर तलाव तिथून जवळच. न्यायमंदिराची इमारत १८९६ची, कोर्ट आता दुसरीकडे गेलंय. तलावाच्या मधोमध शंकराची भली मोठी मूर्ती आहे, कठड्यावर गर्दी, भेळ, फुगे. अर्धा तास बसलो. रात्री खिचडी-कढी खाल्ली, पोटाने आभार मानले. शेअर रिक्षाने वीस-वीस रुपयांत सयाजीगंज.

रविवार

सात वाजता खोली सोडली. काउंटरवाल्याने थोडेसे पैसे घेऊन बॅगा रात्रीपर्यंत ठेवून घेतल्या. हे आदल्या दिवशीच विचारून ठेवायचं, सकाळी घासाघीस होते.

सयाजीबाग, जिला गावात कमाटीबाग म्हणतात, स्टेशनापासून चालत जाण्यासारखी. वाटेत काळा घोडा लागतो. मुंबईकरांना वाटतं काळा घोडा फक्त आपला. इथल्या घोड्यावर स्वतः सयाजीराव बसलेले आहेत. बाग १८७९ची, शंभराहून जास्त एकरांची, आणि तिच्यामधून विश्वामित्री नदी वाहते. या नदीत मगरी आहेत. शहराच्या मधोमध, पुलावरून स्कूटर जातायत आणि खाली मगरी. आम्हाला दिसली नाही. ताईंना एक लाकूड दिसलं, त्यावर त्या बराच वेळ ठाम होत्या.

याच बागेत संकल्पभूमी आहे. सयाजीरावांनी बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. करारानुसार ते १९१७च्या सप्टेंबरात बडोद्याच्या नोकरीत रुजू व्हायला आले. परदेशी विद्यापीठातून शिकून आलेल्या या माणसाला बडोद्यात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावं लागलं. कळल्यावर लाठ्या घेऊन लोक आले आणि त्यांना बाहेर काढलं. मुंबईच्या गाडीला अजून काही तास होते. ते तास त्यांनी या बागेत बसून काढले.

मी हे शाळेपासून वाचलेलं आहे. पण त्या जागेपासून आमचं लॉज पायी फार लांब नव्हतं, आणि आदल्या सकाळी आमची आडनावं वहीत लिहून घेऊन दहा मिनिटांत चावी दिली गेली होती, ते तिथे उभं राहिल्यावर आठवलं. महाराज शिष्यवृत्ती देऊ शकत होते, खोली देववू शकले नाहीत. कालपासून मी त्यांचं जे कौतुक करत होते त्याला इथे एक मर्यादा पडली आणि ती पडायलाच हवी होती. नागपूरहून आलेलं एक कुटुंब तिथे होतं. त्यातल्या बाईंनी आपल्या मुलीला तारीख विचारली, तिने न अडखळता सांगितली, "तेवीस सप्टेंबर एकोणीसशे सतरा." ताईंनी पर्समधला खाऊ तिला दिला.

बागेतल्या संग्रहालयात दोन चहांच्या पैशांत दोघी आत. देवमाशाचा आख्खा सांगाडा, इजिप्तची ममी, युरोपी चित्रं, तिबेटी वस्तू, सगळं एका छपराखाली. जुन्या पद्धतीचं, धुळकट, लेबलं टाइप केलेली. मला अशी संग्रहालयं आवडतात, कारण पोरं मोठ्याने ओरडतात आणि कोणी गप्प करत नाही. ममीसमोर एक बाप आपल्या मुलाला सांगत होता की हा माणूस आंघोळ न करता झोपला म्हणून असा झाला.

विद्यापीठाच्या कला शाखेचा घुमट रस्त्यावरूनच पाहिला. दुपार तिथल्याच एका साध्या गुजराती खानावळीत. थाळीवर पोळ्या येतच राहिल्या आणि हिवाळा असल्यामुळे उंधियोही होतं. आदल्या दिवशीच्या दोन मिसळींचं प्रायश्चित्त तेलातच झालं.

कीर्तिमंदिर हे गायकवाड घराण्याचं स्मारक, १९३६चं. शिखरावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी, पृथ्वीवर अखंड हिंदुस्थानचा नकाशा. आतल्या भिंतींवर नंदलाल बोस यांची चित्रं आहेत : गंगावतरण, मीरेचं आयुष्य, महाभारताचं युद्ध. काल तांबेकर वाड्यात युद्ध बघितलं होतं तेव्हा प्रत्येक बटण मोजता येत होतं. इथे रेषाच इतकी वेगात धावते की मोजायला काही उरत नाही. दोन्ही बघायची असतील तर याच क्रमाने बघावीत, लागोपाठच्या दिवशी.

फरसाणाची खरेदी संध्याकाळी. जगदीशचा लीलो चेवडो, म्हणजे बटाट्याचा आणि डाळीचा हिरवट, थोडा ओलसर चिवडा, तो मुंबईत मिळतो तसा कधीच लागत नाही. दुलीरामचे पेढे पाव किलो. आणि भाकरवडी. डायरी उघडली, पाचशे चाळीस शिल्लक होते. "अजून अर्धा किलो घे," ताई म्हणाल्या.

चांपानेर-पावागड राहिलं. ते पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि त्याला पूर्ण दिवस लागतो. दोन दिवसांच्या सहलीत ते कोंबण्यात अर्थ नाही. राजवाडा सोमवारी बंद असतो, हेही जोडून सुट्टी घेणाऱ्यांनी पाहून घ्यावं.

रात्री अकरानंतरची गाडी वेळेवर आली. सोमवारी पहाटे अंधारातच बोरिवली. दुपारी ऑफिसातून फोन केला तेव्हा घरी भाकरवडीचा पुडा फुटलेला होता. नवऱ्याचं म्हणणं पडलं की ही पुण्याच्यापेक्षा गोड आहे. सासूबाईंचं म्हणणं पडलं की पुण्याची हिच्यापेक्षा तिखट आहे. दोघं अजून भांडतायत.